पत्ता बदलायचाय? आधी सोमवारची लोकल पकडा!

लग्न ठरलं. हॉल ठरला, मेन्यू ठरला, अगदी मेंदीवालीसुद्धा ठरली. पण लग्नानंतर राहायचं कुठे, हा विषय निघाला की आमच्याकडे एकदम शांतता पसरायची. शेवटी आम्ही चार रविवारी चार ठिकाणी मुक्काम ठोकला आणि सोमवारी सकाळी तिथूनच ऑफिस गाठलं. त्या चार सोमवारांची ही गोष्ट.

‘मॅडम, स्टेशनपासून फक्त पंधरा मिनिटं!’

मुंबईत घर शोधलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. मीही ऐकलं, २०२२ साली. घोडबंदर रोडवरचा टू बीएचके, आम्ही तिघी मैत्रिणी, अठरावा मजला. खाली स्विमिंग पूल, जिम आणि लॉबीत एवढा मोठा सोफा की आमच्या डोंबिवलीच्या अख्ख्या हॉलमध्ये मावला नसता! एजंटने आम्हाला ठाणे स्टेशनवरून खरोखरच पंधरा-सतरा मिनिटांत तिथे नेलं. फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. त्या दिवशी रविवार होता आणि दुपारचे दोन वाजले होते.

सोमवारी सकाळी खरा हिशोब कळला. कापूरबावडी, मग माजिवडा, मध्ये मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि रिक्षात आम्ही तिघी एकमेकींच्या मांडीवर लॅपटॉप ठेवून. पन्नास मिनिटं, तीही फक्त स्टेशनपर्यंत. लोकल त्यानंतर सुरू! अकरा महिन्यांत मी त्या स्विमिंग पूलमध्ये किती वेळा उतरले असेन? चार वेळा. त्यातल्या एकदा बहिणीची मुलं आली होती म्हणून.

तरीही मी ते घर सोडलं नसतं. सोडलं ते जुलै २०२३ मधल्या एका रात्रीमुळे. बाबा गेल्यापासून आई डोंबिवलीला एकटीच राहते. रात्री साडेदहाला शेजारच्या काकूंचा फोन आला, ‘आई बाथरूममध्ये घसरली, हाताला लागलंय, आम्ही डॉक्टरकडे नेतोय.’ मी तशीच निघाले. बाहेर धो धो पाऊस आणि घोडबंदरला रात्रीच्या अवजड ट्रकची रांग. पाऊण तास रिक्षात, वीस मिनिटं प्लॅटफॉर्मवर, मग लोकल, मग पुन्हा रिक्षा. पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. आईच्या हाताला प्लास्टर घालून झालं होतं, काकू तिला चहा देत होत्या आणि आई मलाच विचारत होती, ‘एवढ्या रात्री कशाला आलीस गं?’

बोलण्यासारखं काही नव्हतं. पण त्या दिवसापासून घर बघताना ‘व्ह्यू कसा आहे?’ हा प्रश्न माझ्या यादीतून गेला.

त्याची यादी, माझी यादी

आता होणाऱ्या नवऱ्याबद्दल. (यापुढे फक्त ‘तो’, कारण स्वतःचं नाव छापून आलेलं त्याला चालणार नाही.) तो ऐरोलीला आयटीत आहे, आठवड्यातून चार दिवस ऑफिस. लहानपणापासून बोरिवलीचा. नॅशनल पार्कात मॉर्निंग वॉक, घराखाली सगळं मार्केट, आई-बाबा तिथेच. मी फ्रीलान्सर. आठवड्यातून तीन दिवस लोअर परळला जावं लागतं, बाकीचे दिवस घरून काम.

त्याच्या यादीत होतं: बाल्कनी, पार्किंग, लिफ्ट, जमल्यास जिम. माझ्या यादीत एकच ओळ: रात्री साडेदहाला फोन आला तर साडेअकरापर्यंत आईकडे पोचता आलं पाहिजे. त्याच्या आई-बाबांच्या यादीतही एकच ओळ होती, ती त्यांनी बोलून दाखवली नाही इतकंच: ‘बोरिवलीच्या जवळपास बघा ना!’

म्हणजे बघा, ऑफिस ऐरोलीत, काम लोअर परळला, माहेर डोंबिवलीत, सासर बोरिवलीत. नकाशावर चार टिंबं काढली तर मध्ये काय येतं? नॅशनल पार्क! तिथे भाड्याने घर मिळत नाही, बिबट्यांची वेटिंग लिस्ट आहे.

बजेट महिना तीस हजार, डिपॉझिटला एक लाख. पहिले दोन आठवडे आम्ही सगळ्यांसारखंच केलं. रात्री जेवण झालं की मोबाइलवर फोटो बघायचे आणि भांडायचे. मग त्यालाच आयडिया सुचली. कंपनीत कुठलंही सॉफ्टवेअर लोकांच्या हाती देण्याआधी ते टेस्ट करतात, मग घर का नाही? चार उपनगरं निवडली. चारही ठिकाणी कुणी ना कुणी ओळखीचं होतंच. रविवारी रात्री मुक्काम (तो वेगळ्या खोलीत, हे आमच्या मामीला वेगळं सांगावं लागलं नाही!), सोमवारी सकाळी आठला घराबाहेर. दारापासून दारापर्यंत घड्याळ लावायचं. आणि हे सगळं मुद्दाम पावसाळ्यात. उन्हाळ्यात सगळीच उपनगरं कोरडी असतात.

पहिला सोमवार: मीरा रोड

भाडं परवडणारं, वन बीएचके अठरा हजारांत. इमारती नव्या, रात्री अकरालाही रस्त्यावर वर्दळ, खाण्यापिण्याची चंगळ. बोरिवलीचं सासर पंधरा मिनिटांवर. सासूबाई खूश!

सकाळी मैत्रिणीने स्टेशनवर पहिला धडा दिला, ‘विरार फास्टच्या नादी लागू नकोस, भाईंदरवरून सुटणारी पकड.’ कारण विरारहून भरून आलेल्या गाडीत मीरा रोडला पाय ठेवायला जागा नसते आणि आतल्या बायकांच्या चेहऱ्यावर ‘ही कुठून आली?’ असा भाव असतो. म्हणून इथले कितीतरी लोक आधी उलट दिशेने जातात, जागा पकडतात आणि त्याच गाडीने परत येतात. याला ‘डाऊन करणं’ म्हणतात. म्हणजे ऑफिसला जाण्यासाठी आधी ऑफिसपासून लांब जायचं.

मी दारापासून दारापर्यंत सव्वा तासात लोअर परळला. एकदम सही! पण तो? दादरला उतरून सेंट्रलने ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने ऐरोली. दोन तास दहा मिनिटं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, ‘बोरिवलीजवळ राहू, पण मग नोकरीही बोरिवलीजवळ शोधू.’ आणि आईकडे जायला? तो हिशोब मी मांडलाच नाही.

दुसरा सोमवार: खारघर

मामा-मामींकडे मुक्काम. सकाळी खिडकीतून समोर ढग उतरलेला डोंगर दिसला आणि तो तिथेच विरघळला! रुंद रस्ते, सेक्टरवार आखणी, सेंट्रल पार्क, पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा. मुंबईत आपण ज्याला ‘मोकळं’ म्हणतो ते इथे खरंच मोकळं आहे. एकोणीस हजारांत लिफ्ट, पार्किंग, जिम, बाल्कनी, त्याची अख्खी यादी! नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावते, त्यामुळे आतल्या सेक्टरांची सोय झाली.

त्याचा प्रवासही झकास. पनवेल-ठाणे गाडी थेट ऐरोलीला उतरवते. दारापासून दारापर्यंत एक तास, तोही बसून.

आता माझी बाजू. हार्बरने कुर्ला, जिने चढून सेंट्रलचा प्लॅटफॉर्म, तिथून स्लो पकडून करी रोड, मग चालत लोअर परळ. एक तास पन्नास मिनिटं. आईकडे जायचं तर आधी ठाणे, मग डोंबिवली. दिवसा पावणेदोन तास. रात्रीचं बोलूच नका.

मामीने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याही जाहिरातीत नसते. जाहिरातीत सगळंच ‘नवी मुंबई’ असतं, पण खारघर येतं २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत. मोरबे धरण आहे ते नवी मुंबई महापालिकेचं. म्हणजे वाशीला पाणी भरपूर आहे म्हणून खारघरलाही असेल, असं धरून चालायचं नाही. ‘मे महिन्यात टँकर येतो का, ते वॉचमनला विचार, एजंटला नको,’ इति मामी. तिथल्या घरमालकाने आम्हाला विमानतळाचंही गाजर दाखवलं. (उद्घाटन पुढे ८ ऑक्टोबर २०२५ला झालंही.) पण आम्ही विमानात बसतो वर्षातून दोनदा, लोकलमध्ये रोज!

तिसरा सोमवार: डोंबिवली

हा माझा वीक पॉइंट. फडके रोड, गणेश मंदिर, दर दोन गल्ल्यांमागे पोळी-भाजी केंद्र. ज्या घरात दोघंही नोकरी करतात तिथे पोळी-भाजी केंद्र हे जिमपेक्षा मोठं अमेनिटी आहे, हे माझं ठाम मत आहे. भाडं बारा-तेरा हजार. म्हणजे महिन्याला सतरा हजार वाचणार, वर्षाला दोन लाख! आई तर दहा मिनिटांवर.

आणि मग सकाळी आठ वाजता डोंबिवली स्टेशन.

सीएसएमटीपासून हे अंतर ४८ किलोमीटर. फास्ट लोकल दादरला पन्नास-पंचावन्न मिनिटांत पोचवते, कागदावर. आधी त्या लोकलमध्ये शिरता आलं पाहिजे. मी इथेच वाढले, मला चढण्याची टेक्निक येते: बॅग पुढे, ओढणी आत, कुणाच्या तरी मागे चिकटून. तरी त्या सोमवारी दोन गाड्या सोडल्या. त्याने तीन. बोरिवलीचा असूनही! जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले होते, त्यातल्या काहींचा जीव गेला. ९ तारीख, तोही सोमवारच होता. आमची टेस्ट त्यानंतर काही आठवड्यांनीच होती. दारात लटकलेली पोरं बघून दोघंही काही बोललो नाही.

मला वाटलं होतं, आई म्हणेल इथेच राहा. रात्री तिने आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाली, ‘माझ्यासाठी म्हणून इथे येऊ नका. तुझ्या बाबांनी तीस वर्षं हा प्रवास केला. घरी यायचे तेव्हा बोलायचीसुद्धा ताकद नसायची. बोलावलं की येता येईल एवढं जवळ राहा, बस्स.’

मी हे तिच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होते.

चौथा सोमवार: ठाणे पूर्व

१६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्याला आली, हे आपण शाळेत पाठ केलं. ठाणे स्टेशनच्या जवळ राहण्याचा फायदा मात्र मला घोडबंदरला अकरा महिने राहूनही कळला नव्हता, कारण मी ‘ठाण्यात’ राहत होते, ठाणे स्टेशनजवळ नाही!

पूर्वेला कोपरी. जुनी वस्ती, चार-पाच मजली इमारती, गल्लीत भाजीवाले, कोपऱ्यावर गिरणी. त्याच्या मित्राचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पार्किंग नाही. बाल्कनी म्हणजे कपडे वाळत घालायची ग्रिल. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सोमवारी सकाळी आम्ही चालत निघालो. नऊ मिनिटांत प्लॅटफॉर्म. रिक्षा नाही, सिग्नल नाही, सुटे पैसे नाहीत. तो ट्रान्सहार्बरने ऐरोलीला, दारापासून दारापर्यंत पस्तीस मिनिटं! मी ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडली. बसायला जागा, गाडी बदलायची भानगड नाही, करी रोडला उतरून चालत लोअर परळ. एक तास दहा मिनिटं, त्यातला जवळजवळ एक तास पुस्तक वाचत. संध्याकाळी मी मुद्दाम आईकडे जाऊन आले. डोंबिवली गाडीने पंचवीस मिनिटं, चालणं-थांबणं धरून पन्नास.

आमचा हिशोब

(दारापासून दारापर्यंत, एका बाजूचा)

मीरा रोड: तो २ तास १० मि., मी १ तास १५ मि.; आई लांब, सासर जवळ.
खारघर: तो १ तास, मी १ तास ५० मि.; दोन्ही घरं लांब.
डोंबिवली: तो १ तास १५ मि., मी १ तास ४० मि. (गाड्या सोडल्या ते धरून). आई जवळ, सासर फार लांब.
ठाणे पूर्व: तो ३५ मि., मी १ तास १० मि.; आई ५० मि., सासर बसने दीड तास.

कागदावर उत्तर सरळ होतं. घरात नव्हतं. चोवीस हजार भाडं, ३६० चौरस फूट कार्पेट. ‘म्हणजे खारघरपेक्षा पाच हजार जास्त देऊन अर्धं घर घ्यायचं?’ हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मग आम्ही दोघांचा रोजचा वेळ मांडला. खारघर सोडून ठाण्यात राहिलो तर त्याचे रोज पन्नास मिनिटं वाचतात, माझे एक तास वीस मिनिटं. त्याचे चार दिवस, माझे तीन. आठवड्याला दोघांचे मिळून सात तासांच्या वर! म्हणजे पाच हजारांत आम्ही महिन्याला जवळपास तीस तास विकत घेत होतो. एवढ्या स्वस्तात मुंबईत दुसरं काय मिळतं?

बोरिवलीला सांगताना मात्र जड गेलं. सासूबाई म्हणाल्या, ‘ठीक आहे,’ आणि चहा टाकायला आत गेल्या. या हिशोबात त्या हरल्या होत्या आणि ते झाकण्यात अर्थ नव्हता. ठाणे-बोरिवली बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालंय, तो झाला की आपण अगदी जवळ येऊ, असं तो समजावत होता. मी त्याला गप्प केलं. एजंटही असंच बोलतात. भाडं आजचं भरायचं असतं, बोगदा उद्याचा. त्याऐवजी आम्ही ठरवलं, महिन्यातले दोन शनिवार-रविवार बोरिवलीला मुक्काम. कॅलेंडरवर लिहून टाकलं आणि आतापर्यंत तरी पाळलंय.

घर बघायला निघताय? मग हे करा

- घर रविवारी बघितलंत तर सोमवारी सकाळी आठला पुन्हा जा आणि तिथून ऑफिसला निघा. एक हाफ डे गेला तरी चालेल. अकरा महिने वाचतात.

- अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. स्टेशनपर्यंत चालत किती मिनिटं आणि गाडी कितीदा बदलावी लागते, हे विचारा. तुमच्या स्टेशनवरून सुटणारी गाडी असेल तर पन्नास टक्के लढाई जिंकलात.

- वॉचमनला, किराणावाल्याला विचारा, ‘२६ जुलै २००५ला पाणी कुठवर आलं होतं?’ या एका प्रश्नावर जुनी माणसं तुम्हाला अख्ख्या एरियाचा इतिहास सांगतात.

- पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का आणि महापालिका कुठली, हे आधीच माहीत करून घ्या. जवळ एमआयडीसी असेल तर अंतर नकाशावर तपासा. डोंबिवलीत २३ मे २०२४ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा लांबवरच्या घरांच्या काचा फुटल्या होत्या.

- जाहिरातीतले चौरस फूट ‘कार्पेट’ आहेत की ‘सुपर बिल्टअप’? खोलीत टेप लावून मोजा. लाजू नका, आम्ही मोजलं.

- लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी झालेली हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ही जबाबदारी मालकाची आहे. ‘फक्त नोटरी करून टाकू’ म्हणणाऱ्याला गोड हसून नाही म्हणा. घोडबंदरच्या आमच्या मालकाने भिंतीवरच्या खिळ्यांसाठी डिपॉझिटमधून आठ हजार कापले होते. ते खिळे आमच्या आधीपासूनचे होते! त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकाला पाठवा.

- आणि सगळ्यात महत्त्वाचं. रात्री साडेदहाला कुणाचा फोन आला तर तुम्हाला धावत जावं लागेल, त्या माणसाचं नाव आधी कागदावर लिहा. मग घर शोधा.

आम्ही इथे राहायला येऊन आता काही महिने झाले. तिसऱ्या मजल्यावर चढताना त्याला अजूनही दम लागतो आणि त्यालाच तो ‘जिम’ म्हणतो. परवा रात्री साडेआठला आईचा फोन आला. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. ‘काही नाही गं, अळूवड्या केल्यात. दोघांसाठी ठेवू का उद्यापर्यंत?’

‘उद्या कशाला? आलोच!’

सव्वानऊला आम्ही तिच्या दारात होतो. वड्या अजून गरम होत्या.